काज-बटण शेवटी

“नुसते ओठ हलवा हो! कोण तुमच्या तोंडाला कान लावून ऐकणार आहे?” बायकोने चहाचा कप त्याच्यापुढे आदळला.

मास्तरने कप जवळ ओढला. गणवेशांच्या कारखान्यात तो कटिंगमास्तर. त्याची कात्री सरळ चालायची आणि तोही. सगळी पंचाईत त्यामुळेच तर झाली होती.

सरकारचा हुकूम होता: आज कारखान्यातल्या प्रत्येकाने झेंड्यापुढे हात उंचावून शपथ घ्यायची. शपथ तशी लहानशीच. राष्ट्राहून थोर कोणी नाही, खाली नाही आणि वरही नाही. खालचं ठीक होतं, घोडं अडलं होतं ते ‘वर’पाशी. दर रविवारी चर्चमध्ये उभं राहून देवाचं राज्य येऊ दे म्हणून प्रार्थना करणारा हा माणूस. त्याच तोंडाने हे कसं म्हणणार?

जे म्हणत नव्हते त्यांना छावणीत नेत होते. तिथून अजून कुणी परतलं नव्हतं.

“देवाला काय कळत नाही का?” बायको म्हणाली. “तो काय लगेच रुसून बसणार आहे?”

“तो नाही रुसणार. मलाच माझं तोंड बघवणार नाही.”

“मग बघू नका! तसंही दाढी करताना कुठे धड बघता? कानाखाली रोज राहतेच.” ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. “चर्चच्या पाळकांनी नाही म्हटलं, त्यांना नेलं. पण पाळककाकू निदान त्यांच्याबरोबर तरी गेल्या. छावणीत का होईना, एकत्र आहेत. मी इथे एकटीने काय करायचं? भिंतींशी बोलायचं?”

तिचं खरंच होतं. मूलबाळ नाही, जवळचं कुणी नाही. लग्न झाल्यापासून ती एक रात्रही त्याच्यावाचून राहिली नव्हती. उंदीर खुडबुडला तरी त्याला हलवून उठवायची.

“तुम्ही काही ऐकायचे नाहीत, ते मला ठाऊकच आहे,” डोळे पुसत ती म्हणाली. “तुमचे कान मेले नुसते शोभेचे.”

त्यानेही तिला काही विचारलं नाही. त्यांच्या चर्चच्या मंडळीत रीतच होती तशी. अशा बाबतीत ‘तू काय करणार’ असं कुणी कुणाला विचारायचं नाही. ज्याने त्याने गुडघ्यांवर बसून ठरवायचं. दोघं पलंगाच्या दोन बाजूंना गुडघे टेकून बसली आणि काही न बोलता उठली.

दाराशी तिने जाड बूट घातले.

“आज बूट?”

“चपलेचा अंगठा तुटलाय. चला, उशीर होतोय.”

कारखान्यात शपथही कापडाच्याच वाटेने जाणार होती. आधी कटिंग, मग शिलाई, शेवटी काज-बटण. बायको काज-बटणात, भिंतीपलीकडे. फाटकाशी जाळीच्या दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या, पुढची बायकांची, मागची पुरुषांची.

कटिंगमधले दोघं गप्प राहिले. त्यांना मागच्या दाराने नेलं. मग शपथ द्यायला आलेल्या सरकारी साहेबाने मास्तरला पुढे बोलावलं.

मास्तरने हात उंचावला. डोळ्यांपुढे देव येईल असं त्याला वाटलं होतं. आली ती रिकाम्या खोलीत एकटी बसलेली बायको. त्याने शपथ म्हटली. पुरी म्हटली, ‘वरही नाही’सकट.

“पुढचा,” साहेब म्हणाला.

झालं! मास्तर टेबलाशी परतला आणि कॉलर कापू लागला. आपण काय करून बसलो हे त्याला स्वच्छ कळत होतं, आणि ते आता बदलणार नव्हतं. आत नुसतं तुटत होतं. पण खोटं कशाला बोला, त्या तुटण्याच्या तळाशी थोडं बरंही वाटत होतं. संध्याकाळी बायकोला सांगितलं की ती आधी रडेल, मग म्हणेल, उजाडलं एकदाचं डोक्यात. तिची शपथ तर होऊनच जाईल. सकाळपासून ती दुसरं बोलत काय होती?

दुपारी जेवणानंतर काज-बटणातला मुकादम आला. नुसताच टेपशी चाळा करत उभा राहिला.

“काय रे?”

“मास्तर, वहिनी तोंडच उघडेनात. साहेबाने पुन्हा पुन्हा विचारलं. मी हात जोडले, म्हटलं, पुटपुटा तरी. नाहीच म्हणाल्या हो.”

कात्री टाकून मास्तर फाटकाकडे धावला. बायकांची गाडी सुरू झाली होती. त्याने शिपायाचा हात धरला.

“मलाही न्या! मी नाही मानत ती शपथ!”

“तुझी झाली ना? मग कामावर जा. शपथ घेतलेल्याला न्यायचा हुकूम नाही.”

“अरे, मी खोटी घेतली!”

“बायको निघाली की सगळे असंच म्हणतात,” शिपाई म्हणाला आणि त्याचे दोन्ही दंड पकडून त्याला मागे ओढू लागला.

गाडी वळली. जाळीमागे ती होती. शिपायाच्या तावडीतल्या मास्तरवर तिची नजर पडली आणि तिचा चेहरा एकदम खुलला.

“अहो, घाबरू नका, मीही आलेय!” जाळीला तोंड लावून ती ओरडली. “तुमची गाडी मागून येतेय ना?”