खिडकीतले आभाळ

सकाळी तिने अंगणातल्या परळात पाखरांसाठी पाणी भरले, दाणे टाकले आणि खिडकीची काच नेहमीसारखी लख्ख पुसली. पाय लुळे पडल्यापासून नवऱ्याचे सारे जग त्या एका खिडकीत होते. ती चहाचे आधण ठेवत असतानाच धप्पकन आवाज झाला. हे पलंगावरून पडले, या धास्तीने ती धावली.

"मी आहे गं जागच्या जागी! आधी बाहेर बघ," तो म्हणाला.

खिडकीखाली एक बुलबुल चोच वासून पडला होता. तिने बाहेर जाऊन तो ओंजळीत घेतला, तर त्याचे काळीज तिच्या बोटांवर धडधडत होते. तिने वर पाहिले. काचेत अख्खे आभाळ उतरले होते. तेवढ्यात बुलबुल सावरला आणि पुन्हा थेट त्याच आभाळाकडे झेपावला. तिने हात आडवा घातला, म्हणून तो वळून झाडावर गेला.

"काचेला साबण फास," आतून नवरा म्हणाला.

"अहो, मग तुम्हाला काय दिसणार?"

"किलबिल तर ऐकू येईल. फास तू."

तिने साबण ओला केला आणि काच बाहेरून माखत गेली. आतला त्याचा चेहरा हळूहळू दिसेनासा झाला.