ग्लेनच्या वाटेने

"आता डावीकडे," थेल्मा म्हणाली. पण लायलने आधीच गाडी वळवली होती.

"रस्ता बरा आठवतो तुला."

"पंपांचे सुटे भाग विकत पंधरा वर्षं फिरलोय इथे. विसरेन कसा?"

थेल्माच्या मांडीवर चार पोस्टकार्डं होती. तेवीस वर्षांपूर्वी ती आठवडाभर बहिणीकडे गेली होती. परत आली तर ग्लेनची खोली रिकामी. माझ्याशी भांडला आणि पाठीवर पिशवी टाकून निघून गेला, असं लायलने सांगितलं. एकुलता एक मुलगा, एकोणीस वर्षांचा. त्या उन्हाळ्यात सोन्याच्या खाणींच्या जुन्या गावांतून त्याची चार कार्डं आली. प्रत्येकावर दोन-तीन ओळी, 'मी ठीक आहे' एवढंच. मग तीही थांबली.

या वर्षी थेल्माने ठरवलं, त्याच वाटेने जायचं. निवांत, एका गावात एक दिवस. लायलने गुडघ्याचं कारण सांगून पाहिलं. तिने ऐकलं नाही.

पहिल्या गावात, क्लून्समध्ये, ते जुन्या बँकेसमोरच्या बाकावर बसले. पहिल्या कार्डावर तीच इमारत होती. थेल्माने थर्मासमधला चहा तीन कपांत ओतला.

"तिसरा कुणाला?"

"ग्लेनला. दोन चमचे साखर लागते त्याला."

लायल उठला आणि गाडीत जाऊन बसला.

दुसऱ्या गावात, माल्डनला, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. समोरच्या दुकानाच्या सज्ज्याखाली एक पोरगा उभा होता. लांब केस, पाठीवर पिशवी, एक खांदा किंचित खाली. लायलच्या हातातला सँडविचचा घास हातातच राहिला. पोरगा वळला. चेहरा परका होता.

"घाम फुटलाय तुला," थेल्मा म्हणाली.

"ऊन आहे."

तिसऱ्या गावात तिने तीन पलंगांची खोली घेतली. सकाळी लायल उठला तेव्हा तिसऱ्या पलंगावरची चादर चुरगळलेली होती. उशीला डोक्याएवढा खळगा पडला होता.

"तू झोपलीस तिथे?"

"नाही. मला वाटलं, तू." थेल्मा केस विंचरत राहिली.

नाश्त्याला त्याने अंड्याला हात लावला नाही. "थेल्मा, घरी जाऊ या. तुला बरं नाही. डॉक्टरला दाखवू."

"एकच गाव राहिलंय, लायल."

पायपर्स फ्लॅट हे चौथं गाव म्हणजे एक रस्ता, एक चर्च, दगडी पोस्ट ऑफिस. पोस्ट कधीच बंद पडलं होतं. तिथे आता चहाचं दुकान होतं. लायल गाडीतून उतरायला तयार नव्हता. थेल्माने त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि हात धरून त्याला आत नेलं.

दुकानाची मालकीण ऐंशीच्या घरातली होती, इनिड नावाची. बशीत स्कोनचे छोटे गोड पाव मांडता मांडता तिने लायलकडे दोनदा पाहिलं.

"तुम्ही इथे येऊन गेलाय," ती म्हणाली. "तेव्हा मी पोस्टमास्तर होते."

"चूक होतेय तुमची."

"छे. चांगलं आठवतंय मला. याच काउंटरवर कार्ड लिहीत होतात आणि हमसून हमसून रडत होतात. मी पाणी दिलं तुम्हाला. तीस वर्षं पोस्टात काढली, पण बाप्या माणसाला असं रडताना तेवढं एकदाच पाहिलं." ती मायेने हसली. "ज्याला लिहिलंत त्याला मिळालं ना हो कार्ड?"

लायल समोरची बशी उगाच सरकवत राहिला.

"मिळालं," थेल्मा म्हणाली. "मलाच मिळालं."

इनिड दोघांकडे पाहत राहिली. मग आत निघून गेली.

लायलने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. "तुला आधार वाटावा म्हणून, थेल्मा," तो कसाबसा म्हणाला. "तू जेवत नव्हतीस. तो कुठेतरी सुखात आहे असं तुला वाटावं, म्हणून लिहिली मी."

"ठाऊक आहे. पहिल्याच कार्डाला अक्षर ओळखलं मी." तिने चहा संपवला, ओठ पुसले आणि पर्स उचलली. "तेवीस वर्षं वाट पाहिली, तू आपणहून सांगशील म्हणून. आता माझंही वय झालं. चल, ऊठ. त्याला कुठे पुरलंयस, ते दाखव."