देवमासे पार होईपर्यंत

"अजून पार झाले नाहीत," लीटिया म्हणाली. कानावरचा हेडफोन तिने दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला होता.

कप्तान हाइन्सने काचेवरची वाफ बाहीने पुसली. लोहखनिज भरायला निघालेलं त्याचं जहाज खाडीच्या मधोमध बर्फात उभं होतं. जून उजाडला तरी बर्फ पुरुषभर जाड होता. चहूकडे धुकं. मागे त्यांनीच फोडलेल्या वाटेत बर्फाचे तुकडे वाऱ्याने पुन्हा दाटून आले होते. पुढे जायची बंदी, मागे जायला पाणी नाही.

नियम सरळ होता. जवळपास देवमासे असले की बर्फ फोडणं बंद. आहेत की नाहीत, ते निरीक्षकाने पाण्यात सोडलेल्या माइकवर ऐकून सांगायचं. निरीक्षक होती खाडीपलीकडच्या गावातली लीटिया, आणि तिचा शब्द कंपनीलाही मोडता येत नव्हता.

"किती आहेत?"

"सहा."

"मला तर एकही दिसत नाही."

"मलाही नाही. ऐकू येतायत."

जहाजाच्या पोटातून दातओठ खाल्ल्यासारखा आवाज आला. हाइन्स न्यूफाउंडलंड बेटावरचा. त्याचे आजोबा सीलच्या शिकारीला गेले होते आणि त्यांचं जहाज असंच बर्फाने चिरडलं होतं. लहानपणी त्या आवाजाच्या गोष्टी ऐकून तो पांघरुणात शिरायचा. इथे शिरायला जागा नव्हती.

रेडिओवर कंपनीचं ऑफिस खेकसलं, "अजून किती वेळ?"

"देवमाशांना विचारून कळवतो," म्हणत त्याने आवाज बारीक केला. मग तो लीटियाकडे वळला. "एवढी कसली यांची चाल? माझी आजी पुढे जाईल."

"एकीचे दिवस भरलेत. तिच्या बेताने चाललेत सगळे."

"हे आवाजावरून कळतं?"

"बाईला कळतं."

"आणखी काय कळतं?"

"एक म्हातारा आहे. सारखा थांबतो. तो थांबला की सगळ्यांना थांबावं लागतं. हट्टी आहे मेला."

"ओळखीचा दिसतो."

"या खाडीत सगळेच ओळखीचे, कप्तान."

तेवढ्यात डावीकडे बंदूक झाडावी तसा कडकडाट झाला. खालून खलाशाने ओरडून सांगितलं, बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढत कठड्याला टेकल्यात. हाइन्सच्या पाठीवरून घाम ओघळला. त्याने इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवला.

"आता बास. जहाजावर वीस माणसं आहेत, लीटिया. मी निघतोय. हवं तर माझ्याविरुद्ध लिही."

"लिहीन," ती म्हणाली. "थोडंच राहिलंय. थांबा."

बोलता बोलता ती उठून उभी राहिली. मांडीवरचं विणकाम खाली पडलं, ते तिने उचललं नाही. चार हंगाम ही बाई त्याच्या शेजारी बसत आली होती. वादळातही विणकाम खाली न ठेवणारी. तिला असं त्याने कधी पाहिलं नव्हतं. का कोण जाणे, त्याचा हात दांड्यावरून निघाला.

जहाज पुन्हा करकरलं. कोणी कोणाकडे बघेना.

मग लीटियाने डोळे मिटले आणि छातीत कोंडलेला श्वास सोडला. "झाले पार. सगळे."

हाइन्सने इंजिन सुरू करायचा हुकूम सोडला. जहाज हिसका देऊन सुटलं, पुढचा बर्फ फुटला आणि काळं पाणी वर आलं. लीटिया हेडफोन काढून ठेवून डोळे पुसत होती. ज्यांनी आपला जीव टांगणीला लावला ते गातात तरी कसे, ते ऐकावं म्हणून त्याने हेडफोन उचलून कानाला लावला.

हेडफोनची तार पाण्यातल्या माइकला नव्हती, लीटियाच्या पिशवीतल्या वॉकीटॉकीला होती. बर्फावरच्या स्कूटरची घरघर. कुत्र्यांचं भुंकणं. आणि लीटियाच्या भाषेत खोकत खोकत हसणारा एक म्हातारा.

हाइन्सने हेडफोन हळूच खाली ठेवला. "माणसं बर्फ ओलांडतायत, हे मला आधी सांगायचंस ना."

"गेल्या वर्षी सांगितलं होतं, कप्तान. तुम्ही म्हणालात, थांबायचा नियम देवमाशांसाठी आहे."