वाकडं पिल्लू

"हळू, हळू! मान दाबू नका त्याची!" श्रीपती ओरडला, तसा रामरावानं गाडग्यातला हात झटकन बाहेर काढला.

ओसरीवर गाडग्याभोवती पुरुषांचं कोंडाळं जमलं होतं. आत धामणीचं पिल्लू होतं. बोरूएवढं बारीक, दोन ठिकाणी मोडल्यासारखं वाकडं, आणि एका डोळ्यावर जन्मतःच कातडी आलेली. उकिरड्याचं खत उपसताना श्रीपतीला अंडी सापडली होती. बाकीची पिल्लं अंडी फोडून सळसळत निघून गेली. हे मात्र जागच्या जागी गोल फिरत राहिलं. श्रीपतीनं ते उपरण्यात गुंडाळून घरी आणलं. धामण बिनविषारी, उंदीर खाऊन शेत राखणारी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण म्हणून ती गाडग्यात घालून पाळणारा माणूस जाफराबादच्या अख्ख्या टापूत दुसरा नव्हता. लोक हसले, आई द्वारकाबाई चिडली, श्रीपती ऐकेल तर शपथ.

आज घरात धाकट्या भावाच्या बायकोची, पोटुशी पुष्पाची ओटी भरायची होती. आत बायकांची गर्दी होती. मानानं पहिली ओटी थोरल्या जावेनं भरायची. पण श्रीपतीची बायको दुर्गा मागच्या पडवीत चुलीपुढे बसून पुरण शिजवत होती. सकाळीच श्रीपतीनं तिला बजावलं होतं, "पुष्पाच्या समोर येऊ नको आज." दुर्गा "बरं" म्हणाली होती. दर खेपेला ती "बरं"च म्हणायची.

त्याला कारण होतं. त्यांची मुलगी तारा रझाकारांच्या धामधुमीच्या वर्षी जन्मली, ती डावं पाऊल आत वळलेलं घेऊनच. पोटुशी असताना दुर्गानं ग्रहणात भोपळा चिरला, म्हणून पोरीचा पाय वाकडा झाला, हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. श्रीपती ग्रहणाच्या दिवशी जालन्याच्या बाजाराला गेला होता, त्यानं काही पाहिलं नव्हतं. पण दुर्गानं बाळंतिणीच्या खाटेवरच कबुली दिली होती. जे चिरलं त्याचाच उतारा नदीत सोडावा लागतो, असं द्वारकाबाईचं म्हणणं. श्रीपतीनं भोपळा स्वतःच्या डोक्यावरून नेऊन पूर्णेत सोडला. पुढे कुठल्याही लग्नाच्या मांडवात बसला की तो ही हकिकत मीठमसाला लावून सांगायचा. दुर्गा तिथेच पंगतीत वाढत असायची. तेव्हापासून पोटुशी बाईजवळ दुर्गाला कोणी फिरकू देत नव्हतं.

श्रीपतीनं कडुनिंबाच्या काडीवर एक एवढीशी बेडकी धरली आणि पिल्लाच्या तोंडाशी नेली. पिल्लाचा नेम चुकला, पुन्हा चुकला. "घे राजा, जल्दी न्हाई आपल्याला," तो पुटपुटला. शेवटी पिल्लानं घास धरला. गाडग्याला टेकून बसलेली तारा टाळ्या पिटू लागली.

"श्रीपती," कोंडाळ्यातला कारभारी म्हणाला. त्याचं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. "ह्याच्या मायनं काई तरी पाप केलं असंल बघ. त्याबिगर असं वाकडं निघंल का?"

श्रीपती भडकला. "मुक्या जनावराचं कायचं पाप? अंड्यात काय होऊन राह्यलं, ते तिला तरी ठाऊक असतं का? कोणाच्या बी मायला उगं दोष लावू नये, कारभारी!"

तारानं बापाकडे बघत मान वर केली. "दादा, मंग ह्याच्या मायनं गिराणात काई चिरलं नव्हतं?"

ओसरीवर हशा पिकला. "धामणीला कुठली गं विळी!" रामराव म्हणाला. श्रीपतीही हसायला गेला आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. तारा हसत नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं.

ज्या जिभेनं आत्ता धामणीची बाजू घेतली, तीच जीभ त्यानं इतकी वर्षं मांडवामांडवांत कशी चालवली होती, ते सगळं त्याला आठवलं. एका सापाच्या मायला जो न्याय त्यानं चटकन दिला, तो घरच्या बाईला कधी दिला नव्हता. काडी खाली ठेवून तो उठला. कोणी काय विचारलं ते त्याला ऐकू आलं नाही.

दुर्गा पुरण घोटत होती. त्याला पाहून तिनं पदर सावरला. आत पुष्पाला चौरंगावर बसवलं होतं, गाणी सुरू झाली होती.

"ऊठ," श्रीपती म्हणाला. "पयली ओटी तू भरायची."

"आन् पुष्पाच्या लेकराला काई झालं तर?"

"तर तुला कोणी बोलायचं न्हाई. मायला मी सांगतो." त्याला तिच्याकडे बघवेना, म्हणून तो चुलीकडे बघून बोलला. "तू भोपळा चिरला म्हणून काई झालं न्हाई, दुर्गे. माझंच चुकलं."

दुर्गानं हात धुतले, पदराला पुसले. मग शांतपणे म्हणाली, "मी काईच चिरलं नव्हतं. काय चिरलं ते सांगंस्तोर पोरगी पदराखाली द्यायची न्हाई म्हणले तुमी मायलेक. ती रडून रडून निळी पडली, मंग मी भोपळा म्हणले."