शकूताईचा पीएफ

करसल्लागार बापटबाईंसमोर चिंतामणी अवघडून बसला होता. त्याची थोरली बहीण शकूताई मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिनं लग्न केलं नव्हतं. दिवाळीनंतर ती गेली आणि तिचा पीएफ वारस म्हणून चिंतामणीच्या खात्यात आला. त्यातून कर किती जाईल या धास्तीनं त्यानं पैशांना हात लावला नव्हता. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशनही त्यापायी अडलं होतं.

“माणूस गेल्यावर वारसाला मिळालेल्या पीएफवर कर नसतो,” बापटबाई म्हणाल्या. “बँकेत त्यावर पुढे जे व्याज मिळेल, तेवढं मात्र तुमचं उत्पन्न.”

चिंतामणीनं त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. बाहेर पडताच त्यानं घरी फोन केला.

“रेवती, डॉक्टरांकडून तारीख घे. कर लागत नाही.”

रेवती म्हणाली, “वन्सं असत्या तर माझ्या उशाशी बसून सगळ्या वॉर्डाला धारेवर धरलं असतं त्यांनी.”

“आणि तुला पहिल्याच दिवशी चालायला लावलं असतं,” चिंतामणी म्हणाला. ताई गेल्यापासून तिच्या आठवणीनं आज पहिल्यांदाच त्याला हसू आलं.