निळा डबा

"नळ गोठलाय गं, माकी. नाओच्या पावडरच्या दुधाची वेळ झाली. पण काळजी नको, दाराशी तुझा निळा डबा भरलेला आहे ना," एवढं सांगून सासूबाईंनी फोन ठेवला. स्वतःचं बोलून झालं की फोन ठेवायचा, ही त्यांची जुनी खोड.

माकीच्या हातातला मासा फळीवर निसटला.

निळ्या डब्यात पाणी नव्हतं. रॉकेल होतं.

तिच्या माहेरी, ओसाकात, रॉकेल निळ्याच डब्यात ठेवत. इथे होक्काइदोत रॉकेलचा डबा लाल आणि पाण्याचा निळा. लग्नात आणलेला डबा टाकवत नाही म्हणून तिने तोच ठेवला होता. परवा गाणं वाजवत रॉकेलची गाडी आली, तेव्हा डबा भरता भरता गाडीवाल्याने चिडवलंही होतं, "वहिनी, तुमच्याकडे रॉकेल पितात की काय?" ती हसली होती. डब्यावर चिठ्ठी लावायचं, सासूबाईंना सांगायचं मात्र राहून गेलं.

तिने परत फोन लावला. एकदा, तीनदा. कुणी उचलेना. नवरा बोटीवर, समुद्रात. मासळीच्या कारखान्यातून ती रबरी बूट-एप्रनसकट पळत सुटली.

वासाने तरी कळेल, ती मनाला समजावत होती. मग आठवलं. गेल्या वर्षीच्या तापात सासूबाईंना वास येणं बंद झालं ते झालंच. "माझं नाक आता फक्त चष्मा टेकवायला," असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगत.

उतारावर ती दोनदा घसरून पडली. चार महिन्यांचं लेकरू. सकाळी निघताना त्याने तिचं बोट सोडलं नव्हतं.

दार उघडताच रॉकेलचा भपकारा आला. निळा डबा उघडा होता, अर्ध्यावर आलेला.

सासूबाई खोली उबदार ठेवणाऱ्या पेटत्या स्टोव्हपाशी बसल्या होत्या. मांडीवर नाओ, डोळे मिटलेला. बाजूला रिकामी बाटली.

माकीने बाटली हिसकावली, उरलेला थेंब जिभेवर घेतला. गोड. दूध, नुसतं दूध. तिने नाओला उचलून छातीशी धरलं. तो झोपेत कुरकुरला, तोंडाला दुधाचाच वास. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

"अगं, झालं काय?" सासूबाई चकित झाल्या. "साठवलेलं पाणी नातवाला देईन होय मी? शेजारच्या साएकोकडून ताजं मागून आणलं दुधाला."

"आई, मग डब्यातलं?"

"ते होय? वाया कशाला घालवायचं, म्हणून स्टोव्हवरच्या किटलीत ओतलं. ते बघ, झाकण थरथरायला लागलं."