अभयची गाडी

मुकुलने ऑइल फिल्टरचे दोन खोके काउंटरवर ठेवले. "काका, हा कंपनीचा, हा साधा. गाडी कितीशी चालते?"

"चालत नाही. अंगणातच उभी असते," गंगाराम म्हणाले.

"मग साधा पुरेल."

गंगाराम जरा घुटमळले. पण मुकुल अभयच्या अंत्ययात्रेला आला होता. त्याच्यापासून काय लपवायचं? "रोज सकाळी मी ती नुसती चालू करतो रे. आमच्या हिला हल्ली काही आठवत नाही. आवाज ऐकला की तिला वाटतं, पोरगा मिरकरवाड्याला कामावर निघाला. मग निवांत चहा घेते. काल इंजिन घरघरलं, तर म्हणाली, ही आपल्या अभयची गाडी नव्हे. संध्याकाळपर्यंत त्याची वाट बघत दारात बसून होती."

मुकुलने साधा फिल्टर उचलून मागे ठेवला. दुपारी स्वतः घरी येऊन त्याने ऑइल बदललं, कंपनीचा फिल्टर बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पूर्वीसारखी वाजली. थोड्या वेळाने ती बंद करून गंगाराम आत आले. त्यांची बायको चहा ओतत होती.

"अभय गेला काय हो?"

"गेला," गंगाराम म्हणाले.